तलावाचे नियम तलावावरच लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की राकसकोपची पाणीपातळी आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येते. २४७५ फूट झाले म्हणजे जलाशय भरला, हे बेळगावच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. समुद्रातली मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, हेही घरोघरी माहीत असते, कारण त्या दिवसांत बांगड्याचा भाव विचारवत नाही. पण आपल्याच गावच्या तळ्यात गळ टाकायला परवानगी लागते का, ती कोण देतो, जाळे कोणत्या दिवसांत टाकायचे नाही, केवढा मासा धरायचा नाही, हे विचारून पाहा. काठावर बसलेले चौघे चार उत्तरे देतील. एक म्हणेल पीडीओला, म्हणजे ग्राम पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला विचारा, दुसरा म्हणेल ठेकेदाराला, तिसरा म्हणेल कोण बघतंय, टाका बिनधास्त. चौथा काही न बोलता गळात गांडूळ ओवत राहील.

नियम नाहीत असे नाही. कर्नाटकाचा १९९६ चा अंतर्देशीय मत्स्य कायदा आहे. त्याच्या लांबलचक नावातच संरक्षण, विकास आणि नियमन हे तिन्ही शब्द बसवले आहेत. त्याच्या शंभर वर्षे आधीचा, १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आहे. शिवाय प्रत्येक ठेक्याच्या करारात अटी असतात. पण हे सारे कागद कचेरीत, आणि तळ्यावर मात्र कोरी भिंत. आमची मागणी एवढीच आहे की ज्या तलावाचे जे नियम असतील ते त्या तलावावरच रंगवावेत, कन्नडबरोबर मराठीतही, आणि मृगाच्या आधी. नुसती 'मासेमारीस सक्त मनाई' अशी पाटी ठोकून मात्र काम होणार नाही. ती पाटी कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी नेमके काय करायचे नाही ते तिच्यातून कळत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी तळे कोणाचे, हे स्पष्ट व्हायला हवे. ज्या तलावाखाली ४० हेक्टरांहून जास्त जमीन भिजते तो लघुपाटबंधारे खात्याकडे असतो. त्याहून लहान तळी पंचायत राज व्यवस्थेकडे. पाण्याचा हक्क एक आणि माशाचा हक्क दुसरा, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माशाचा हक्क कधी मत्स्य खाते म्हणजे मीनुगारिके इलाखे, तर कधी ग्राम पंचायत ठेक्याने देते. तो मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो किंवा लिलावात खासगी माणसाला. म्हणून 'तळं गावाचं, मग मासा ठेकेदाराचा कसा?' हा काठावरचा नेहमीचा वाद खरे तर दोन वेगळ्या प्रश्नांचा आहे.

या वादात संस्थेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना वाहते, चढणीचे पाणी लागते. त्यामुळे तळ्यात दिसणारा प्रत्येक कटला कोणीतरी विकत आणून सोडलेला असतो. बीज सोडायचे ते बोटुकलीच्या मापाचे, म्हणजे ८० ते १०० मिलिमीटर. पैसे वाचवायला कोणी जिरे, म्हणजे अगदी कोवळे बीज, किंवा पाऊण-एक इंचाचे बारीक बीज थेट तळ्यात ओतले, तर त्यातले बहुतेक मरळ, शिंगटा आणि पाणकावळे यांच्या पोटात जाते आणि वर्षअखेर जाळे रिकामे येते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून ३:४:३ असे प्रमाण धरतात. हेक्टरी दोन हजार बोटुकली धरली तर दहा हेक्टरांच्या तळ्याला वीस हजार नग लागतात : सहा हजार कटला, आठ हजार रोहू, सहा हजार मृगळ. पाणी आणि खाद्य बरे असेल तर वर्षाला पाऊण ते एक किलोचा मासा होतो. एवढा खर्च केलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत रोज संध्याकाळी वीस-पंचवीस गळ पाण्यात पडत असतील तर तो चिडणारच.

पण गावकऱ्यांची बाजूही खोटी नाही. शिंगटा, मरळ, वांब, चिलापी यांचे बीज कोणी पेरलेले नसते. बहुतेक गळांना लागतात ते हेच मासे. यावर साधा उपाय आहे : दिवसाचा पास. एका माणसाला एक काठी, एका काठीला एक गळ. कटला, रोहू, मृगळ मिळून दोन नग, त्यापुढचे परत पाण्यात. चिलापीला मर्यादा नको, उलट जितकी निघेल तितकी बरी. आफ्रिकेतून आलेला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि तळे बघता बघता हाताएवढ्या खुरट्या माशांनी भरून जाते. गळवाल्यांनी चिलापी काढली तर संस्थेचेच काम फुकटात होते. पासाची रक्कम ग्रामसभेने ठरवावी, पावती संस्थेने द्यावी. पैशापेक्षा त्या पावतीचे मोल जास्त आहे, कारण कोण कधी आला होता याची नोंद राहते.

आता भिंतीवर काय लिहायचे ते. तळ्याचे नाव आणि सर्वे नंबर. पाण्याचा मालक कोण, माशाचा ठेका कोणाकडे आणि तो कोणत्या तारखेला संपतो. पास कुठे मिळतो. बंदीचे दिवस, तारखेपासून तारखेपर्यंत. 'पावसाळ्यात' असा मोघम शब्द नको, कारण पावसाळा केव्हा सुरू झाला यावरही आपल्याकडे दुमत होते. जाळ्याचा लहानात लहान आस, म्हणजे विणीतले भोक, किती. केवढा मासा सोडून द्यायचा. सांडवा, मोरी आणि ओढा तळ्याला मिळतो ती जागा, या तिन्हींपासून किती अंतरात गळही टाकायचा नाही. आणि तक्रार करायचा कचेरीचा फोन नंबर.

पत्र्याचा फलक लावू नये. दोन पावसाळ्यांत गंजतो, नाही तर कोणाच्या तरी गोठ्याचे छप्पर होतो. मोरीची दगडी भिंत किंवा पंप खोलीची बाहेरची बाजू चुना देऊन पांढरी करावी आणि तिच्यावर काळ्या ऑइल पेंटने लिहावे. अक्षरे दोन इंचांहून लहान नकोत. मजकुराच्या खाली, कमरेच्या उंचीवर, माशाची आकृती खऱ्या मापाने काढावी. ज्याला वाचता येत नाही तोही आपला मासा त्या आकृतीला लावून बघेल आणि त्याला कळेल की हा घरी न्यायचा की सोडायचा. खर्च रंगाच्या एका डब्याचा आणि पेंटरच्या एका दिवसाच्या मजुरीचा.

मराठीचा आग्रह धरला की लगेच सीमाप्रश्नाचा वास येतो असे काहींना वाटते. इथे तसे काही नाही. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या देशव्यापी योजनेतच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांतल्या तळ्याकाठी गळ टाकणारे पुष्कळ लोक घरी मराठी बोलतात. ज्याला नियम वाचताच येत नाही त्याच्याकडून तो पाळून घ्यायचा तरी कसा? आणि जो पाळत नाही त्याला 'आम्हाला कन्नड वाचता येत नाही' ही पळवाट तरी का ठेवायची?

माशाच्या मापाबद्दल. आमच्या मते तळ्यातल्या रोहू-मृगळाला दीड वीत, म्हणजे नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत साधारण ३३ सेंटिमीटर, ही खालची मर्यादा असावी. एवढा रोहू सुमारे अर्धा किलो भरतो. कटला अंगाने रुंद आणि डोक्याने मोठा. त्याचे माप थोडे वर, ४० सेंटिमीटर ठेवावे. घटप्रभेवरच्या हिडकल किंवा मलप्रभेवरच्या नविलुतीर्थसारख्या नदीशी जोडलेल्या मोठ्या जलाशयांत हे माप आणखी वाढवायला हवे. तिथला मासा नदीत चढून वीण करू शकतो, आणि रोहू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, कटला तर तिसऱ्या वर्षी वयात येतो. एक किलोच्या रोहूच्या मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. पोट टम्म फुगलेली मादी जूनमध्ये बाजारात 'गाबोळी आहे' म्हणून चढ्या भावाने विकली जाते. तो भाव देणाऱ्यांनी एवढा हिशेब मनात धरावा.

जाळ्याचा आस मोजण्यात जो गोंधळ होतो तो इथेच मिटवावा. आस दोन तऱ्हांनी मोजतात. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत एक बाजू मोजली तर ४० मिलिमीटर. तोच आस ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये मोजला तर ८० मिलिमीटर. दुकानदार एका मापाने विकतो, करारात दुसरे माप लिहिलेले असते, आणि पकडले की दोघेही आपापल्या परीने खरे. भिंतीवर 'ताणलेला आस' असे स्पष्ट लिहावे, आणि मोजताना जाळे ओले असावे. सलग दहा आस ताणून एकदम मोजावेत आणि दहाने भागावे, म्हणजे एखादा सैल किंवा आखडलेला आस निकाल बिघडवत नाही. कोणते माप योग्य ते मत्स्य खात्याने प्रत्येक जलाशयाच्या माशांवरून ठरवावे. पण मच्छरदाणीचे कापड आणि त्याच विणीची जाळी यांना कुठल्याच पाण्यात, कुठल्याच महिन्यात जागा नसावी. तिच्यात मासा अडकत नाही, पुढच्या वर्षीचे सगळे बीज अडकते.

सगळ्यात मोठे नुकसान होते ते पहिल्या दमदार पावसात. मृगाच्या सरी पडल्या, ओढ्याचे गढूळ पाणी तळ्यात उतरू लागले की मासे त्या प्रवाहाच्या तोंडाला गोळा होतात आणि पाण्याविरुद्ध वर निघतात. हे चढणीचे मासे. शेताच्या बांधावरून, रस्त्याच्या मोरीतून, कधी कधी चार बोटे पाण्यातूनही ते अंग घासत वर जातात, कारण अंडी घालायला त्यांना नवे, उथळ, गवताळ पाणी हवे असते. नेमक्या त्याच अरुंद जागी लोक टॉर्च, काठ्या, कोयते, बांबूच्या खोईन (मासे अडकवायचे सापळे) घेऊन उभे असतात. खानापूरच्या पश्चिम भागात तर हा सणच. एका रात्रीत पोतेभर मासे मिळतात, पण त्यातला प्रत्येक मासा अंड्यांनी भरलेला असतो. चढणीचे मासे खाऊच नका असे म्हटले तर कोणी ऐकणार नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून निदान एवढे : मोरीचे तोंड पूर्ण अडवायचे नाही, अर्धी रुंदी मोकळी सोडायची. आणि पहिला पूर तसाच जाऊ द्यायचा. पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर जे चढतात तेच मुख्य वीण करतात. पुढच्या आठवड्यात उतरतीला लागलेले मासे धरले तर नुकसान त्या मानाने कमी.

याच दिवसांत संस्थेचे बीज सांडव्यावरून वाहून जाते. म्हणून सांडव्याला जाळी लावतात, आणि तिथेच घोटाळा होतो. सांडव्याच्या तोंडाला आडवी, सरळ जाळी बांधली की पालापाचोळा, जलपर्णी, प्लास्टिक तिच्यावर येऊन चिकटते आणि दोन तासांत ती भिंत होते. पाणी चढत जाते आणि मातीच्या बांधावरून जायला बघते. मासा वाचवायला जाऊन बांध फुटायची वेळ येते. जाळी लोखंडी चौकटीत बसवावी, वरून दिसताना तळ्याच्या बाजूला टोक असलेल्या व्ही आकारात, म्हणजे पाण्याला जागा जास्त मिळते आणि कचरा कडेला सरकतो. चौकट खाचेत सरकवून बसणारी असावी, अतिवृष्टीत दोन माणसांना उचलून बाजूला ठेवता यावी. पावसाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ साफसफाई. हे काम ठेकेदाराचे, हे करारात लिहिलेले असावे, आणि पाटबंधारे खात्याच्या माणसाला जाळी काढायचा अधिकार असावा.

मरळीसाठी वेगळा नियम हवा. पावसाळ्यात काठाजवळच्या गवतात पाण्यावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा झुंबडगोळा फिरताना दिसतो. ती मरळीची पिले. खाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडतात. काही जण मुद्दाम त्या गोळ्यातच बेडूक लावलेला गळ सोडतात. मरळ हमखास लागते, पण तिच्यामागे शेकडो पिले अर्ध्या दिवसात चिलापी आणि शिंगट्यांच्या पोटात जातात. असा गोळा दिसला की काठी उचलून दुसरीकडे बसावे. यात कौशल्य काही नाही, नुसते पाप आहे. हे आमचे मत.

विष, स्फोट आणि वीज. गेळाची फळे किंवा कुंभ्याची साल कुटून डोहात टाकायची आणि मासे गुंगवायचे, ही जुनी रीत डोंगरात होती. आता तिची जागा ब्लीचिंग पावडर आणि कीटकनाशकाने घेतली आहे. फरक असा की गुंगलेला मासा ताज्या पाण्यात सावरायचा. ब्लीचिंगने कल्लेच जळतात, आणि खेकडे, झिंगे, बेडकांची पिले, सगळेच साफ होते. तेच पाणी खाली गुरे पितात. खाणीतून मिळवलेल्या जिलेटिनच्या कांडीने माशांच्या पोटातली हवेची पिशवी फुटते, त्यामुळे मेलेल्यांपैकी बरेच मासे वर येतच नाहीत, तळाला बसून कुजतात. पंपाच्या लाइनीवर आकडा टाकून पाण्यात वायर सोडणाऱ्यांबद्दल लिहायचीही भीती वाटते. ओल्या काठावर उभ्या माणसाला आणि माशाला विजेच्या दृष्टीने फरक नसतो. १८९७ च्या कायद्याने स्फोट आणि विष दोन्ही गुन्हा ठरवले, शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये म्हणजे जमिनीचा तुकडा होता. आज तेवढ्यात किलोभर मरळही येत नाही. राज्याने आपल्या कायद्याखालची कारवाई किती होते, कुठे होते, हे तालुकावार जाहीर केले तरी पुष्कळ होईल.

आता आम्हा गळवाल्यांबद्दल, कारण सगळा दोष कचेरीवर टाकणे बरोबर नाही.

पहिली गोष्ट गळाची. एका गोळ्याभोवती चार-पाच गळांचा घोस बांधायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्यात मासा तोंडाने लागतोच असे नाही. पोटात, डोळ्यात, पाठीत गळ घुसतो आणि मासा सुटला तरी जखम घेऊन जातो. अशा जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, अंगावर लाल व्रण पडण्याचा साथीचा रोग येतो, जो १९८८ मध्ये देशात शिरला आणि आजही तळ्यांत दिसतो. जखमी मासे त्याला आधी बळी पडतात, आणि मरळ सगळ्यात जास्त. म्हणून एकच गळ. रोहू-मृगळाला ६ ते ८ नंबर पुरे. लक्षात ठेवा, या मापात नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही आणि सोडायचा असेल तर गळ दोन सेकंदांत निघतो. व्रण पडलेला मासा दिसला तर तो परत सोडू नये, दुसऱ्या तळ्यात तर मुळीच नेऊ नये, आणि संस्थेला कळवावे, म्हणजे त्यांना खात्याला विचारून वेळीच चुना टाकता येतो.

आमिषाचे. शेंगदाणा पेंड दोन भाग, भाताचा बारीक कोंडा एक भाग, गव्हाचे पीठ एक भाग. पेंड आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी, मग बाकीचे घालून मळावे. गळाला लावायचा गोळा बोराएवढा. तो पाण्यात पाच-सात मिनिटांत वरून सुटू लागला पाहिजे. लगेच विरघळला तर पीठ कमी पडले, दहा मिनिटांनी तसाच दगड राहिला तर पीठ जास्त झाले. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो वरून खातो. त्याच्यासाठी गोळा तळाला न टेकवता बुचाच्या आधाराने मध्यावर लोंबता ठेवावा. मृगळाचे तोंड खाली, त्याला तळाशी. मासे गोळा करायला काही जण दोन-दोन किलो पेंड फेकतात. लहान तळ्यात ती खाल्ली जात नाही, तळाशी आंबते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. एका माणसाने दिवसाला पाव किलोवर जाऊ नये. जिवंत मासा आमिष म्हणून एका पाण्यातून दुसऱ्यात नेणे तर पूर्ण बंद व्हावे. चिलापी किती तरी तळ्यांत अशीच पोहोचते.

आफ्रिकन मांगूर कोणाच्या गळाला लागला तर तो परत सोडायचा नाही, हेही भिंतीवर असावे. त्याच्या पैदाशीला आणि पालनाला देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो समोर येईल ते खातो. देशी मांगूर क्वचितच किलोभर होतो. अंगावर संगमरवरासारखे ठिपके-पट्टे असलेला दोन-तीन किलोचा मांगूर दिसला की ओळखावे.

सोडायचा मासा नीट सोडला नाही तर सोडून उपयोग नाही. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा बुरशीपासूनचा बचाव असतो. तापलेल्या दगडावर ठेवायचा नाही. कल्ल्यात बोट घालून उचलायचा नाही. फोटो काढायचा असेल तर आपण जेवढा वेळ श्वास रोखून धरू शकतो तेवढ्यातच. तुटलेली तंगूस दोरी खिशात घालून घरी आणायची. काठावर टाकलेली दोरी बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायात गुंडाळते आणि महिनोन्महिने तशीच राहते. आणि हल्ली मिळणाऱ्या कार्बनच्या लांब काठ्या विजेच्या वाहक आहेत. बांधावरून वीजतारा जात असतील तर तिथे ती काठी उभी करायची नाही.

मे महिन्यात पाणी कमी झालेल्या तळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून हवा खाताना दिसतात. रात्रभर शेवाळ प्राणवायू वापरते, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास तो सगळ्यात कमी असतो. लोकांना वाटते मासे वर आले, आणलेच जाळे. खरे तर ती धोक्याची घंटा असते. त्या वेळी पंपाने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून परत फवारावे आणि शेण, पेंड, खत काहीही आत जाऊ देऊ नये. पाणी पूर्ण आटणारच असेल तर मात्र मासे वेळीच काढून घेणे शहाणपणाचे. कुजू देण्यात कोणाचेच हित नाही.

काही पाण्यांत गळ टाकायचाच नाही. धुपदाळच्या बंधाऱ्यामागचे पाणी घटप्रभा पक्षी अभयारण्यात येते, १९७४ पासून. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय मासे धरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि तो मत्स्य कायद्याच्या दोनशे रुपयांत मिटत नाही. राकसकोप बेळगावला आणि जवाहर तलाव निपाणीला पिण्याचे पाणी देतो; तिथे पेंड आणि उरलेले आमिष फेकणे म्हणजे आपल्याच नळात फेकणे. शहरातल्या तळ्यांत गणेश विसर्जनानंतर आणि सांडपाणी मिसळते तिथे मासा धरला तरी तो खाऊ नये.

शेवटी एक गुंता, ज्याकडे दोन्ही राज्यांचे दुर्लक्ष आहे. आपल्या नद्या सरहद्द मानत नाहीत. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते, आजरा-गडहिंग्लज करून संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. दूधगंगा, वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून चिकोडी-निपाणीकडे उतरतात. वरच्या अंगाला महाराष्ट्राचा १९६० चा मत्स्य कायदा, खाली कर्नाटकाचा. आंबोलीच्या महादेव मंदिराच्या कुंडात २०२० साली शोधलेल्या एका चिमुकल्या माशासाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली, नदीचेच नाव त्या माशाला दिले. चांगलेच झाले. पण तीच नदी चाळीस-पन्नास मैल खाली आली की तिच्यात कोण काय टाकतो हे बघायला कोणी नाही. महाशीर, ज्याला आपण खडस म्हणतो, तो नदीतून लांबवर वर-खाली फिरतो. एका राज्याने बंदी पाळायची आणि दुसऱ्याने त्याच आठवड्यात जाळे टाकायचे, तर दोघांचीही बंदी वाया. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या मत्स्य कचेऱ्यांनी निदान या नद्यांपुरते बंदीचे दिवस एकत्र बसून ठरवावेत. पाणीवाटपासाठी बैठका होतातच, त्यातला अर्धा तास माशांना द्यावा.

ग्राम पंचायतींनी मात्र कोणाची वाट पाहायला नको. येत्या ग्रामसभेत पीडीओंनी ठेक्याचा करार मोठ्याने वाचून दाखवावा, त्यातल्या अटी दोन्ही भाषांत लिहून घ्याव्यात आणि पेंटर बोलवावा. चुना दिलेली भिंत सुकायला दोन दिवस लागतात, ऑइल पेंटला आणखी एक. मृग लागल्यावर ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, पोपडे निघतात.

आपले,
गळ टाकणारे काही वाचक,
बेळगाव व खानापूर तालुका